माथ्यावरची ओळ

मी बोलतेय ती बुटांच्या खोक्यातून. बायकांचे हिवाळी बूट, सात नंबर, असं झाकणावर लिहिलंय. मी 'माफीचा हिवाळा' या कादंबरीची एक प्रत. पूर्वी मला पाठ होती, शिवण होती, निळं कापडी कव्हर होतं. आता मी तीनशे दहा पानांची सुटी चवड आहे आणि दोन रबरबँडांच्या जिवावर एकत्र आहे. त्यातलं एक सैल झालंय.

माझा जन्म १९६१ सालचा, टोरांटोच्या एका छापखान्यातला. मला लिहिणारा मात्र विनिपेग शहराच्या दक्षिणेकडच्या शेतवस्तीतला. त्याने आयुष्यात एवढी एकच कादंबरी लिहिली. गोष्ट साधी आहे. याकोब नावाचा शेतकरी पुराच्या वर्षी धाकट्या मुलाला घराबाहेर काढतो. आठ वर्षांनी मुलगा परत येतो आणि दोन घरं सोडून राहू लागतो. बाप त्याच्याशी अवाक्षर बोलत नाही. एका सकाळी मात्र तो फावडं घेऊन जातो, मुलाच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो आणि मागे न बघता घरी येतो. ते माझं पान दोनशे बारा. 'माफी' हा शब्द माझ्या नावात आहे. आतल्या मजकुरात तो एकदाही नाही.

छापखान्याने माझ्या डाव्या पानांच्या माथ्यावर लेखकाचं नाव छापलं आणि उजव्या पानांच्या माथ्यावर माझं. बारीक टाइपात, पानाच्या आकड्याशेजारी. हे जरा लक्षात ठेवा. माणसं ती ओळ कधीच वाचत नाहीत. आपल्याच दारावरची पाटी घरातलं कोण वाचतं?

१९८६ साली एल्फ्रिडा पेनरने मला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून उचललं. ती तेव्हा विद्यापीठात नुकतीच शिकवायला लागली होती. तीही त्याच शेतवस्तीतली. शिकायला शहरात गेली म्हणून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मला पहिल्यांदा वाचताना ती एवढी रडली की माझं पान एकशे नव्वद आजही थोडं फुगलेलं आहे.

तेव्हापासून सलग एकतीस वर्षं मी तिच्यासोबत वर्गात गेले. पेन्सिलने तिने माझे समास भरून टाकले. दर पाच-सात वर्षांनी वाचायची तऱ्हा बदलायची आणि मी सगळ्या पाहिल्या. आधी लेखकाचं चरित्र शोधायची टूम होती. मग लेखक विसरा, नुसते शब्द बघा, असं आलं. मग एका मुलीने विचारलं, याकोबची बायको सबंध पुस्तकभर पाव भाजते आणि तिच्या तोंडी वाक्यं अकराच का? मला ते पटलं. पुढे क्री या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या एका मुलीने विचारलं की हे शेत होण्याआधी ही जमीन कोणाची होती आणि त्याबद्दल पुस्तक गप्प का आहे.  एल्फ्रिडाने समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते कधी खोडलं नाही. कोणाच्याही वाचण्याने मला कधी इजा झाली नाही. न वाचता कपाटात ठेवण्यानेच काय ती होते.

माझ्यावर एक सिनेमाही निघाला होता, काळा-पांढरा, फारसा न चाललेला. दरवर्षी एल्फ्रिडा त्यातला बर्फ काढायचा प्रसंग दाखवायची. चौऱ्याण्णव सेकंद एकच चित्र. माणसाची पाठ आणि फावड्याचा खरवडल्यासारखा आवाज. मुलं चुळबुळायची. ती म्हणायची, "घाई करू नका. याला जे म्हणायचंय ते तो म्हणतोय." माझ्याबद्दलचं तिचं सगळं म्हणणं एवढंच होतं. या गोष्टीत माफी मागितली जाते, पण तोंडाने नाही.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नोएमी लारोश तिच्याकडे संशोधनाला आली. विनिपेगमधल्याच सेंट बोनिफेस भागातली, हुशार, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिचा भरवसा संगणकावर. शंभर कादंबऱ्या आणि त्यांवरचे सिनेमे यंत्राकडून वाचून घ्यायचे, कोणता शब्द किती वेळा येतो, सिनेमातलं चित्र किती सेकंद टिकतं, हे मोजायचं. एल्फ्रिडाला ते आवडलं होतं, हे मुद्दाम सांगते. नव्या गोष्टीला नाक मुरडणाऱ्यांतली ती नव्हती.

त्या शंभरांत मीही होते, पण ग्रंथालयातली प्रत कधीच हरवलेली होती आणि दुसरी कुठे मिळेना, तेव्हा एल्फ्रिडाने मला देऊ केलं. नोएमी हे काम जिथे मांडणार होती ती परिषद तीन आठवड्यांवर आली होती. संगणक प्रयोगशाळेतल्या कर्टिसने सांगितलं की पुस्तकाची पाठ कापून दिली तर स्कॅनर अर्ध्या तासात सगळी पानं ओढून घेईल. आणि पेन्सिलच्या रेघा अक्षरांना चिकटल्या की यंत्र भलतंच वाचतं, तेव्हा त्याही नकोत.

नोएमी चाचरत म्हणाली, "मी आधी टिपणांचे फोटो काढून ठेवू का, प्रोफेसर?"

"कशाला? माझ्या डोक्यात आहेत ती सगळी," एल्फ्रिडा म्हणाली.

दोन संध्याकाळ ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला खोडत होती. सुरुवातीला प्रत्येक टिपण वाचायची, हसायची, मग रबर फिरवायची. शंभराव्या पानानंतर मनगट दुखायला लागलं. दोनशेच्या पुढे ती न वाचताच खोडत गेली. तिसऱ्या दिवशी कर्टिसने मला कटरखाली धरलं. पाठ एका दाबात गेली. दुखलं का म्हणाल, तर नाही. पण तोवर माझी पानं एकमेकांना सोडून कधी राहिली नव्हती.

तिचं लिहिलेलं सगळं गेलं. छापखान्याचं लिहिलेलं सगळं राहिलं, माथ्यावरच्या ओळीसकट.

पानं यंत्रात घालताना माथ्याच्या ओळी गाळायच्या असतात. या कामातलं ते पहिलं पाऊल, फोडणीआधी कांदा सोलण्याइतकं साधं. नव्याण्णव पुस्तकांना नोएमीने ते केलं. मी शेवटी आले, घाईत आले, आणि माझ्या बाबतीत ते राहून गेलं.

परिषदेआधी विभागात तिने आलेख दाखवला. मला तिथे टेबलावर मांडून ठेवलं होतं, पुरावा म्हणून. भिंतीवर एक लांब पट्टी आणि तिच्यावर सारख्या अंतराने बारीक रेघा. 'माफी' हा शब्द एकशे सत्तेचाळीस वेळा, पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत. नोएमी म्हणाली की ही कादंबरी मौनाची आहे असं आपण समजत आलो, पण माफी तर तिच्यात श्वासासारखी चालू आहे. सिनेमाच्या तक्त्यात बर्फाच्या प्रसंगापुढे यंत्राने लिहिलं होतं, चेहरा नाही, संवाद नाही, रिकामं.

मग ती म्हणाली, "वाचणारा स्वतःच्या घरचं घेऊन पुस्तकात शिरतो आणि तेच त्याला तिथे सापडतं. यंत्राला घर नसतं."

तिने हे कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, निदान मला तरी तसं वाटतं. पण एल्फ्रिडाचा चेहरा मी पाहिला. ती त्या आकड्याशी भांडू शकली असती. मला उचलून दोन पानं चाळली असती तरी पुरे होतं. पण वाक्य वर्मी लागलं होतं. मौन आपल्या बापाचं होतं, पुस्तकाचं नव्हतंच, असं तिला वाटून गेलं.

"मग मी एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं म्हणायचं," ती शांतपणे म्हणाली आणि कोट घालून गेली. मला न्यायचीही तिला आठवण राहिली नाही.

मी ओरडत होते हो. एकशे सत्तेचाळीस! माझ्या उजव्या पानांतून प्रकरणं सुरू होतात ती, माथ्यावर ओळ नसलेली पानं वजा करा, बरोबर तेवढीच उरतात. पण कागदाचं ओरडणं कोण ऐकणार? नोएमीला परिषदेत बक्षीस मिळालं. एल्फ्रिडा वसंतात निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात तिने माझं नावही घेतलं नाही. मी बुटांच्या खोक्यात नोएमीच्या कपाटावर गेले.

पुढच्या फेब्रुवारीत नोएमी प्रबंध लिहीत होती. आलेखाखाली द्यायला तिला एक वाक्य हवं होतं, ज्यात कोणीतरी कोणाची तरी माफी मागतंय. यंत्राने एकशे सत्तेचाळीस जागा दाखवल्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच, अर्ध्यात तुटलेल्या वाक्याच्या पोटात 'माफीचा हिवाळा १०७', 'माफीचा हिवाळा १०९'. ती खुर्चीवर उभी राहिली, मला खाली काढलं आणि पानं उलटत गेली. मग जमिनीवरच बसली. तिच्या हातांना घाम फुटला होता, तो मला लागला.

सुधारायला प्रोग्राममधली एक ओळ पुरणार होती. बक्षीस देणारे परत मोजायला येणार नव्हते. प्रबंधातलं एक प्रकरण गुपचूप गाळलं असतं तर कोणाला पत्ता लागला असता? दोन दिवस मी तिच्या टेबलावर उघडी पडून होते आणि ती माझ्याकडे बघायची टाळत होती. तिसऱ्या दिवशी तिने परिषदवाल्यांना पत्र लिहिलं, मला खोक्यात भरलं आणि बसने एल्फ्रिडाच्या घरी घेऊन गेली.

एल्फ्रिडाने दार उघडलं. वर्षभरात बरीच थकलेली दिसली. तिने आलुबुखाराचा गरम केक कापला, कॉफी ओतली. नोएमीने खोकं उघडून एक उजवं पान तिच्यापुढे ठेवलं आणि माथ्यावर बोट टेकवलं. मग झालेली चूक सांगून टाकली.

एल्फ्रिडाने विचारलं, "ही ओळ सोडून आत तो शब्द किती वेळा आहे?"

"एकदाही नाही, प्रोफेसर."

एल्फ्रिडाने ते पान खोक्यात परत ठेवलं.

"तुझ्या पदवीचं काय होणार आता?"

"एक वर्ष मागे पडेन. ते बक्षीस परत करतेय."

"केक खा पोरी. गार होतोय."

नोएमीला आणखी काही बोलायचं होतं.  पण ती केक तसाच टाकून उठली, बूट चढवले आणि निघाली. एल्फ्रिडाने तिला थांबवलं नाही. ती रागावली होती, तिने रागवायलाच हवं होतं.

दार लागलं. मी वाट बघत होते पावलं दूर जाण्याची. ती गेली नाहीत. थोड्या वेळाने पायऱ्यांवरून आवाज आला, पत्र्याचं फावडं सिमेंटवर खरवडत होतं. एक, थांबून दुसरा, थांबून तिसरा.

एल्फ्रिडा खिडकीशी गेली नाही. ती जागची हललीच नाही. किती सेकंद झाले ते मी मोजलं नाही. मग तिने रबरबँड काढले आणि पान दोनशे बारा शोधलं. समास कोरा होता. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"इथे मी काहीतरी लिहिलं होतं," ती मला म्हणाली. "बाबांबद्दल होतं बहुतेक. काय होतं गं?"

मला माहीत आहे. १९८७ च्या जानेवारीतलं टिपण आहे. त्या वर्षी ती दोन दिवस गावी गेली होती, आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी कोट न काढता तिने लिहिलं होतं, "निघताना पाहिलं, बाबांनी माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवला होता. बोलले नाहीत. हेच ते." पुढे बाप गेला. बापाने मरेपर्यंत काही केलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत राहिली आणि सांगता सांगता तेच खरं धरून बसली. ती सकाळ जगात फक्त माझ्या समासात उरली होती. तीही तिने स्वतःच्या हाताने पुसली.

तुम्ही कोणी तिच्या घरी जाल तर एवढं सांगा तिला. मला टेबलावर सपाट ठेवून काही दिसणार नाही. खिडकीशी ने, बर्फाचा उजेड येतो तिथे, आणि पान दोनशे बारा जरा तिरकं धर. तू तेव्हा फार दाबून लिहिलं होतंस, एल्फ्रिडा. रबराने शिसं निघालं, दाब निघालेला नाही.