वाळूत न उघडलेली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. नाक मुरडू नका हं मित्रांनो! माझी चौकट अस्सल सागवानी आहे, अंगावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड होतं आणि वाशीच्या या पोटमाळ्यावर येण्याआधी मी तीन महासागर पाहिलेत.

बोटीवरच्या सुताराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच फळीतून कापलं. आम्ही दोघी डेकवर असायचो. उतारू आमच्यावर पाय पसरून पुस्तक उघडायचे आणि दोन पानांत घोरायला लागायचे. माझं कौतुक इतक्या भाषांत झालंय की मला थोडा गर्वच झाला होता. रोज सकाळी आमचं खारट अंग पुसायला मुस्तफा यायचा. उरणकडच्या खाडीकाठचा खलाशी. तो स्वतः मात्र आमच्यावर कधी बसला नाही. खलाशाने बसायचं नसतं.

तिकडे वेस्ट इंडीजमध्ये ग्रेनेडीन्स नावाची बेटं आहेत. माळ तुटून मणी सांडावेत तशी. पांढरी वाळू, चार माड, चिटपाखरू नाही. आमची बोट जवळून जायची, थांबायची नाही. मुस्तफाच्या हातातलं फडकं मात्र तिथे दर वेळी थांबायचं.

१९७८ साली बोट भंगारात निघाली. मुस्तफाने कप्तानाकडून आम्हा दोघींना मागून घेतलं आणि टेम्पोतून वाशीला, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये आणलं. घरी बायको खदीजा, मुलगी आणि थोरला भाऊ ताजुद्दीन. बहिणीला गॅलरीत जागा मिळाली. मला उघडून मुस्तफा खदीजाला म्हणाला, बस. तिने डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. आत ताजुद्दीनभाई पेपर वाचत होते. थोरल्या दिरासमोर ती खुर्चीवर बसत नसे. तिचा चहासुद्धा उंबऱ्याशी, जमिनीवर व्हायचा.

मुस्तफा हळूच म्हणाला, “त्या बेटावर आपल्याला कोन वळखतं? तिथं बस माझ्या बाजूला. दिवसभर.”

“तिथं बसेन,” खदीजा म्हणाली.

झालं! त्याने माझी घडी केली, मला चादरीत गुंडाळलं आणि कपाटामागे उभं केलं. बेटाच्या वाळूतच उघडायचं, असं ठरलं.

मग दर शुक्रवारी जेवणं झाली की तो जमिनीवर नकाशा पसरायचा आणि बेत सुरू व्हायचा. बोट कुठून धरायची, किती दिवस राहायचं, काय काय करायचं नाही. हो, करायचं नाही! स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, नुसतं बसायचं. खदीजा तरी सुके बोंबील न्यायचे म्हणून हटून बसायची, आणि वास आला तर बेटच पळून जाईल म्हणून मुस्तफा तिला चिडवायचा. वर्ल्ड कपच्या वर्षी ताजुद्दीनभाईंनी विचारलं, तिकडचे बॉलर डोकी फोडतात, तिकडे कसली सुट्टी? सगळे हसले. कपाटामागे मीही हसले.

खदीजाने पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढला. स्टुडिओतल्या उंच स्टुलावर दोन मिनिटं बसली, तर पाय जमिनीला लागेनात. घरी येऊन तिने ते किती वेळा सांगितलं!

पण एका वर्षी मुलीचं लग्न निघालं, दुसऱ्या वर्षी ताजुद्दीनभाईंचं ऑपरेशन. ‘पुढल्या वर्षी’ म्हणत नकाशा घडीवर फाटत गेला. तिकडे माझंही तेच होत होतं. भिंतीची ओल, वर्षानुवर्षांची एकच घडी. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

१९८६च्या पावसाळ्यात एका दुपारी मुस्तफा गॅलरीत, माझ्या बहिणीवर बसल्या बसल्या गेला. मांडीवर नकाशा होता.

नवरा गेल्यावर घरात पाळायचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, तेव्हा खदीजाने मला बाहेर काढलं. चादर सोडली, गॅलरीत त्या रिकाम्या खुर्चीशेजारी मला उघडलं आणि नुसती उभी राहिली. मागे ताजुद्दीनभाई आले होते. ती चटकन बाजूला झाली.

“बस, खदीजा,” ते म्हणाले.

ती हलली नाही.

“बस की. मी कधी नको म्हटलं होतं?”

खरंच मित्रांनो, त्यांनी कधीच नको म्हटलं नव्हतं. बस असंही म्हटलं नव्हतं. एवढ्या एका शब्दासाठी ती दोघं अर्धी पृथ्वी ओलांडायला निघाली होती.

खदीजा बसली. अलगद, जणू मला दुखेल. आणि माझं कापड घडीवर टर्रकन फाटलं.

ती जमिनीवर आली. लागलं नाही तिला. फाटलेल्या पट्टीवर हात फिरवत ती एवढंच म्हणाली, “हिलासुदा ठाऊक हाय, माजी जागा कुठली ती.”

मी किती माणसं पेलली, मित्रांनो! जाडजूड कप्तान पेलले, वादळात घसरणारे उतारू पेलले. तिचा मूठभर भार मला पेलता आला नाही. त्याच संध्याकाळी ताजुद्दीनभाईंनी मला पोटमाळ्यावर टाकलं. माझ्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

म्हणून सांगते. घरातली चांगली वस्तू घडी घालून ठेवू नका, ती वापरा, उन्हात टाका. आणि आज घरी गेलात की बघा, तुमच्याकडे कोण जमिनीवर बसून चहा पितंय. तिला बस म्हणा. बेटाची वाट बघू नका.