खाच नसलेली शेपटी

"पक्षी बघायला आलोय की मुंग्यांना जेवण घालायला?" व्हेरोनिका आंटी माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर, भुईगावच्या पाणथळीच्या बांधावर झुडपाआड दबून बसलो होतो. "लग्नात कुणी सांगितलं नव्हतं हो, की रविवारची पहिली मिस्सा चर्चमध्ये आणि दुसरी घारींची."

"श्श!" पुढून फर्डिनंड सर म्हणाले.

सर म्हणजे आंटींचे यजमान. गिरीजला त्यांची केळीची वाडी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर राहवेना, म्हणून मला आणि आत्मारामभाऊंना शिकारी पक्षी शिकवायला घेतलं. मी विरारच्या फ्लॅटमधली. कावळा आणि कबुतर सोडून बाकी सगळ्यांना नुसतंच 'पक्षी' म्हणणारी. आत्मारामभाऊ माझ्या समोरच्या दारातले. त्यांच्याकडे कॅमेरा असा, की लेन्स लावली की माणूस लेन्सच्या मागे जोडल्यासारखा दिसतो.

सरांची शिकवण एकच: आकाशात तपकिरी ठिपका दिसला की आधी शेपटी बघा. शेपटीत खाच असेल तर साधी घार. नसेल तर पुढचा विचार. आणि शेवटी नाव सांगायचं ते सरांनीच. तसा नियम कुणी केला नव्हता, पण गुरुजी समोर असताना आपण कशाला तोंड उघडायचं?

या हिवाळ्यात मात्र पंचाईत झाली. सरांची नजर अधू होत चालली होती. मागे एकदा त्यांनी विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या वाटीकडे दुर्बीण रोखून "शिक्रा!" असं कुजबुजून सांगितलं. आत्मारामभाऊंनी आदरापोटी त्या वाटीचे चार फोटोही काढले. याविषयी आम्ही कुणी काही बोललो नाही. आंटीसुद्धा नाहीत, ज्या मुंग्यांपासून मुंबईच्या महापौरापर्यंत सगळ्यांवर बोलतात. आम्ही फक्त प्रश्न विचारायची एक युक्ती काढली, ज्यात उत्तरही गुंडाळून दिलेलं असायचं.

तर त्या दिवशी लव्हाळ्यावरून एक तपकिरी पक्षी अगदी खालून आला. मी पुढे सरकून विचारलं, "सर, शेपटीत खाच नाही ना?"

सरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ घेतला. "नाही. दलदली भोवत्या! पाणथळीवर घिरट्या घालतो तो. आत्माराम, सोडू नका!"

आत्मारामभाऊंनी सोडला नाही. फोटो असा आला की वसईच्या वाचनालयाच्या लोकांनी बघताक्षणी त्यांच्या नव्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी मागून घेतला. खाली ओळ ठरली: 'दलदली भोवत्या. ओळख: फर्डिनंड सर.' सर इतके खूश, की परतताना त्यांनी आम्हाला केळीचा अख्खा घड दिला.

रात्रीचं जेवण आटोपून मी तो फोटो मोठा करून बघत बसले, आणि माझं केळं तोंडातच राहिलं. भोवत्या पंख वर उचलून तरंगतो, लांब शेपटीचा असतो. याचे पंख सपाट. शेपटी आखूड, पंख्यासारखी गोल. पंखांखाली फिकट डाग. ही तर ब्राह्मणी घार, या वर्षीचं पिल्लू! मोठी झाली की तांबूस अंगाची नि पांढऱ्या डोक्याची होते, तेव्हा कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ओळखतं. लहानपणी मात्र असाच तपकिरी घोटाळा. हे मला सरांनीच शिकवलं होतं.

मी समोरचं दार ठोठावलं.

"मला बांधावरच शंका आली होती, मनोरमावहिनी," आत्मारामभाऊ म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत. म्हटलं, तुम्हाला दिसलं असेल काहीतरी."

"आणि मी म्हटलं, सरांना दिसलं असेल!"

आता वसईत घराआड एक कॅमेरावाला. त्या सगळ्यांच्या भिंतीवर वर्षभर चुकीचा पक्षी लटकणार, आणि त्याखाली सरांचं नाव. लोक चहा पिता पिता हसणार. छपाईला जायच्या आधी सांगायला हवं होतं. पण पक्षी चुकला म्हणायचं, तर का चुकला तेही आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरीजला गेलो. आंटींनी रव्याचा केक कापायला घेतला. मी लॅपटॉप सरांसमोर ठेवला.

"सर, पंख जरा सपाट नाही वाटत?"

"सपाट?"

"म्हणजे, भोवत्याचे उचललेले असतात ना."

"मग उचललेले असतील."

"असतीलही," आत्मारामभाऊ म्हणाले. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. "किंवा नसतीलही," ते कळवळून म्हणाले.

"केक घ्या," आंटी म्हणाल्या.

सर पडद्याकडे वाकले. इतके, की नाकाचा ठसा उमटला. मग मागे टेकून हसायला लागले.

"मनोरमा, बांधावर तू मला काय विचारलंस?"

"खाच नाही ना, असं."

"म्हणून मी भोवत्या म्हणालो. तुझ्या बोलण्यावर मी नाव दिलं आणि माझ्या नावावर तुम्ही विश्वास ठेवलात. मग तो पक्षी बघितला कुणी?"

आंटींची सुरी केकमध्येच थांबली.

"ब्राह्मणी घारीचं पिल्लू आहे, सर," मी शेवटी म्हणाले.

"शाबास! तेच छापा. आणि ओळख मनोरमा, असं लिहा."

"काहीतरीच काय! तुमच्याशिवाय आम्हाला काय कळतं? ओळख तुमचीच राहू दे."

"नको गं." सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत न लावता टेबलावर ठेवला. आंटी सुरी सोडून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"मला दिसत नाही," सर म्हणाले. "शेपटी नाही, पंख नाहीत, पक्षीसुद्धा नाही. तुमच्या माना जिकडे वळतात, तिकडे मी दुर्बीण वळवतो."