सायलेन्सरच्या सांध्यातील तांब्याची चकती

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची चकती आहे. मधोमध वाटोळे भोक, दोन्ही अंगांना बोल्टांसाठी दोन कान, एवढाच माझा देह. मोटारवाले माझ्या जातीला ‘पॅकिंग’ म्हणतात. इंजिनातील जळका धूर जेथून बाहेर पडतो ते तोंड आणि तो धूर वाहून नेणारी सायलेन्सरची नळी, या दोहोंच्या मध्ये दाबून बसणे हे माझे काम. एवढ्याशा कामाचा कसला अभिमान, असे कोणी म्हणेल. त्याने आधी माझी हकीकत ऐकावी आणि मग खुशाल वाद घालावा.

भोर संस्थान विलीन झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. गुरांचे डॉक्टर आनंदराव तेव्हा एका बुटक्या मोटर-स्कूटरवरून वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांना जात. युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी. तिचे सुटे भाग पुण्यातही मिळत नसत. तिचे मूळ पॅकिंग जळाले तेव्हा आनंदरावांनी पुठ्ठा कापून बसविला. पहिल्याच चढावर त्याचा कोळसा झाला. मग मोटेच्या जुन्या कातड्याचा तुकडा घातला, तो आक्रसून तडकला. सांध्यातून गरम धूर असा फुटू लागला, की ऐकणाऱ्यास बंदुकीचे बार वाटावेत.

ते बार ऐकून वेल्ह्याच्या माळावर ठकुबाईच्या म्हशी उधळल्या आणि एक गाभण म्हैस ओघळीत कोसळून पाय मोडून बसली. ठकुबाई म्हणजे त्या माळावरच्या गुराख्यांत शब्दाला वजन असलेली बाई. पुढच्या बाजारी ती लोणी घेऊन भोरला आली. गळकी चरवी दुरुस्तीला टाकून चिमाजी तांबटाच्या दुकानी बसली असता तेथेच तिने आनंदरावांना गाठले.

“डाक्टर, ती फटफटी पुन्यांदा माळावर चडली, तर आमी समदे म्हशी घेऊन पल्याडच्या खोऱ्यात जाऊ.”

आनंदरावांचा चेहरा उतरला. पल्याडच्या खोऱ्यात बुळकांडीचा रोग शिरला होता आणि गोठेच्या गोठे रिकामे होत होते. त्यांनी हे सांगून पाहिले. ठकुबाईने पायी येण्यास सुचविले. पण रोगाची लस बर्फात ठेवावी लागे. पुण्याहून भुशात बांधून आलेला बर्फ पायी चढणाऱ्या माणसाची वाट पाहत थांबणारा नव्हता. गाडी हवी, आणि तिचा आवाज नको, असा तो पेच होता.

चिमाजीने हातातली चरवी खाली ठेवली. तांब्याला आग जाळत नाही, एवढे बोलून त्याने हंड्याच्या उरल्या पत्र्यातून मला कापले. मग ऐरणीवर ठेवून त्याने मला मठारले. मठारणे म्हणजे छोट्या हातोडीने एकाला एक लागून ठोके देणे. त्याने भांडे घट्ट होते आणि उन्हात चांदण्यांसारखे चमकते. मीही तशीच चमकले. माझ्याइतकी देखणी चकती कोणत्याही इंजिनाच्या नशिबी आली नसेल, हे मी आजही ठासून सांगते.

पण गाडी सुरू करताच माझ्या कडेने शीळ वाजू लागली. आनंदरावांनी बोल्ट आवळले, तरी धूर निसटतच राहिला.

“चिमाजी, तुमची चकती ताठ आहे. लोखंडाला ती चिकटतच नाही.”

“तुमचं लोखंडच वाकडं हाय. माज्या हातचा हंडा गळला, असं कुनी म्हनलं न्हाई आजवर.”

खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे बरोबर होते. लोखंडाचे तोंड उष्णतेने किंचित वाकले होते आणि मी मठारून ताठ झाले होते. लोखंड सरळ करण्याची सोय भोरात नव्हती. मला मऊ करण्याची सोय चिमाजीच्या भट्टीत होती. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविले की तांबे नरम होते, हे त्याला आनंदरावांनी शिकवायचे कारण नव्हते. प्रत्येक भांडे घडविताना तो तेच करी. अडचण निराळीच होती. शेवटचा हात मठारण्याचा, त्याशिवाय भांडे गिऱ्हाइकाला द्यायचे नाही, ही त्याच्या घराण्याची रीत.

“बिनमठारलेली वस्तू या दुकानातनं भाईर पडली न्हाई, आन् पडनारबी न्हाई,” तो म्हणाला.

ठकुबाई म्हणाली, “चिमाजीदादा, तुमचं ठोकं काय माज्या म्हशी मोजाय येनार हायेत व्हय?”

आनंदरावांनी हसू दाबले. चिमाजीला ते झोंबले. मग ठकुबाई हळू आवाजात बोलली, “गाभन हुती वो ती, वाचली न्हाई. आता हाय त्या तरी ऱ्हाऊ द्या.”

चिमाजी उठला आणि त्याने भाता ओढला.

मित्रांनो, आगीतून मी लाल होऊन निघाले, पाण्यात चरचरले आणि काळवंडून वर आले. चिमाजीने मला चिंचेने घासले, पण हातोडीला हात लावला नाही. आनंदरावांनी सांध्याची जुनी काजळी खरवडली, मला सरळ बसविले आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. इंजिन तापल्यावर पुन्हा एक पीळ दिला. जेथे लोखंड खोलगट होते तेथे मी भरले, जेथे उंच होते तेथे दबले. शीळ थांबली. उरली ती नुसती घुमणारी गुरगुर.

खरी परीक्षा माळावर होती. आडवी काठी धरून ठकुबाई कळपापुढे उभी राहिली आणि तिने हाताने हळू येण्याची खूण केली. म्हशींनी माना वर केल्या. एकीने कान फडफडवले. मग एकेक करून त्या पुन्हा चरू लागल्या. काठी खाली घेत ठकुबाई म्हणाली, “येऊ द्या.” पेटीत बर्फ शिल्लक असतानाच साऱ्या कळपाला लस टोचून झाली. पुढे बुळकांडी डोंगर ओलांडून अलीकडे आली, पण त्या माळावरील एकाही वाडीचा गोठा रिकामा झाला नाही.

आता सांगा, माझा अभिमान अनाठायी आहे काय? लस आनंदरावांची, भट्टी चिमाजीची, हे मला मान्यच आहे. परंतु धगधगत्या धुरापुढे रात्रंदिवस तोंड मिटून मीच बसले होते.

एक विनंती मात्र आहे. दबून, तापून माझ्यासारखी चकती पुन्हा ताठ होते. सांधा उघडलात तर तिला निकामी समजून उकिरड्यावर टाकू नका, आणि तशीच घाईने परतही बसवू नका. भट्टीत लाल करा, पाण्यात बुडवा, स्वच्छ पुसा. मग ती पुन्हा कोणत्याही वाकड्या लोखंडाशी जमवून घेईल. चिमाजीने मला असे कितीदा तरी नरम करून दिले, आणि दर वेळी मी पहिल्या दिवसासारखीच माळावर गेले.