लाल उजव्या हाताला

"ताई, लाल चिमटा डाव्या हाताला लावायचा आणि पिवळा उजव्या. एवढंच," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खोलीचं दार पायाने लोटून घेतलं.

ताईंनी आधी मशीनकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. सारी नोकरी त्यांनी या इस्पितळात लोकांच्या ईसीजीच्या पट्ट्या काढण्यात घालवली होती. मशिनं बदलली, डॉक्टर बदलले, ताई तिथेच. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. नवशिक्यांकडून अदलाबदल होते. मग पट्टी उलटी येते आणि चांगल्या धडधाकट माणसाचं काळीज बिघडल्यासारखं दिसतं. अशा नवशिक्यांचे कान ताईंनीच उपटले होते.

"ओळखेल की कुणीही," त्या म्हणाल्या. "शिकाऊ डॉक्टरसुद्धा."

"ओळखेल तेव्हा ओळखेल. तोवर आठ-दहा दिवस निघतात. वरच्या कोर्टातून स्थगिती येते. मग कोण बघतंय?"

"आणि बघितलंच तर?"

डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली. तेही घाबरलेलेच होते. "वायर लावणाऱ्याची चूक. लेखी समज मिळेल फार तर."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ताईंनी शाळेत पाठ केली होती. त्यातला संन्यासी आपणच निघू, हे मात्र कुठल्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

गावच्या नगराध्यक्षांना, म्हणजे साहेबांना, सकाळीच कोर्टाने सात वर्षं ठोठावली होती. बाजारपेठेची नवी इमारत भर दुपारी कोसळली होती. साहेबांनी पैसे खाऊन कच्च्या बांधकामाला परवानगी दिली, हे शेवटी सिद्ध झालं. निकाल ऐकला आणि साहेबांच्या छातीत कळ आली. तुरुंगाकडे निघालेली गाडी इस्पितळाकडे वळली. आता तुरुंगाचा अधिकारी बाहेर खुर्चीवर बसून होता. पट्टी चांगली आली तर साहेब त्याच्याबरोबर, बिघडलेली आली तर वरच्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत.

मशीन ढकलत ताई व्हरांड्यात आल्या, तोच फोन वाजला. लेकीचा. लेक साहेबांच्या संस्थेच्या शाळेत शिकवत होती. इतकी वर्षं तात्पुरती राबली होती आणि याच महिन्यात कायम व्हायची होती.

"आई, आत्ता हेडसर वर्गात आले होते. विचारलं, तुझी आई त्याच इस्पितळात ना?"

"मग?"

"मग काही नाही. हसले आणि गेले."

भिंतीकडे तोंड करून त्यांनी दबक्या आवाजात लेकीला सगळं सांगितलं.

"लाल काय नि पिवळा काय," ती रडवेली होऊन म्हणाली, "वायरच ना गं शेवटी?"

"हो गं बाई. वायरच."

आणि ताईंनी ठरवलं, करायची अदलाबदल. आपली नोकरी संपत आली, पोरीला कशाला यात ओढा?

साहेब खाटेवर उताणे पडले होते, शर्ट उघडा, पोटावर फोन. उशाशी त्यांचा सेक्रेटरी. ताईंचा चेहरा पाहून साहेब हसले. "या ताई, या. घाबरता काय? मी काय खातो का?"

खाण्याबद्दल कोर्टाचं मत वेगळं होतं, पण खोलीत सगळे हसले. ताईही हसल्या. जेलीची ट्यूब त्यांच्या हातातून दोनदा निसटली. चिमटे लावले. छातीवर जेली लावून रबरी फुगे बसवले. बटण दाबलं. पट्टी सरसरत बाहेर आली.

डॉक्टरांनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. साहेबांचं काळीज एखाद्या शाळकरी पोराचं असावं तसं ठणठणीत चाललं होतं.

ताईंनी खाली पाहिलं. लाल उजव्या हाताला होता, पिवळा डाव्या. त्यांनी काही धैर्य केलं नव्हतं. भीतीने डोकं बंद पडलं होतं आणि हातांनी आपलं रोजचं काम रोजच्यासारखं उरकलं होतं.

"ताई, वायरी नीट बघा," डॉक्टर शब्द तोलत म्हणाले. "पुन्हा काढा."

ताईंनी लाल चिमटा काढून हातात घेतला. समोर साहेबांचं जाडजूड, उबदार मनगट. इमारत पडली त्या दिवशी याच चिमट्यांनी त्यांनी धुळीने माखलेली मनगटं धरली होती. माणूस गेला हे ठरवायलाही पट्टी काढतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मशीनमधून नुसत्या सरळ रेषा येत राहिल्या. एका बाईच्या हातात बांगड्या इतक्या घट्ट होत्या की चिमटा बसेना. ताईंनी त्या एकेक करून हळूच वर सरकवल्या होत्या, जणू तिला दुखेल.

"वायरी बरोबर आहेत, डॉक्टर," ताई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "पुन्हा काढली तरी हीच येईल."

दारात आलेला तुरुंगाचा अधिकारी आपल्या बुटांकडे पाहू लागला. साहेब मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर ताईंना बरं वाटलं असतं.

"मुलगी आमच्याच शाळेत आहे ना, ताई?" त्यांनी मायेने विचारलं. "छान शिकवते म्हणे."

"हो," ताई म्हणाल्या. कापसाने त्यांनी साहेबांच्या छातीवरची जेली पुसून काढली, प्रत्येकाची पुसत तशीच. पट्टी फाइलला टाचली.

त्या वायरी गुंडाळत होत्या तेवढ्यात डॉक्टरांना सुचलं. "साहेब, मघाशी कंबर दुखते म्हणत होतात ना?"

"दुखतेय तर! केव्हाची."

"मणक्याच्या डॉक्टरांना बोलावतो. हलवायचं नाही तुम्हाला, अजिबात."

अधिकारी निमूटपणे जाऊन पुन्हा खुर्चीवर बसला. सेक्रेटरी फोनवर कुणाला तरी वरची खोली थंड करून ठेवायला सांगत होता.

मशीन ठेवून ताई जिन्याखाली आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. एवढं करून काय मिळवलं, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"केलंस ना, आई?" लेकीने लगेच विचारलं.

"नाही गं. नाही जमलं."

पलीकडे वर्गातला कलकलाट ऐकू येत होता. कुणीतरी कुणाची तक्रार करत होतं. ताईंना वाटलं, आता ती ओरडेल, नाहीतर रडेल.

"जेवलीस का तू?" लेकीने विचारलं.

"नाही अजून."

"जेव आधी. मी शाळा सुटली की येते तिकडे. एकटी निघू नकोस."

फोन बंद करायला ती विसरली. ताईंनीही केला नाही. पलीकडे खडूचा आवाज आला, मग लेकीचा, जरासा घोगरा. "हं, शांत बसा बघू. पुढचा धडा काढा."

पोरं एका सुरात वाचू लागली. ताई फोन कानाशी धरून जिन्याखाली उभ्या राहिल्या.