फियाटमधला तांबडा गालिचा

इंजिन बसलं, ब्रेक लागले, रंग चढला, दिवे पेटले. एवढं सगळं निभावलं आणि माणूस अडकला कशात, तर गालिच्यात! महारुद्रची जुनी फियाट गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात चारी दारं उघडी टाकून उभी होती. सीटा काढून बाभळीखाली ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर कोंबड्या ऐसपैस बसल्या होत्या. महारुद्र स्वतः सीटच्या जागी गुडघे टेकून, मान स्टेरिंगखाली घालून, कुणाच्या नावानं कळेना अशा शिव्या घालत होता.

"आवं, झालं का?" बायकोनं, विजयमालानं, दारातून विचारलं.

"झालं असतं तर असा ओणवा पडलो असतो का?"

"तसं न्हाई. परवा जायचंय म्हणून इचारलं."

"म्हाईत हाय मला परवा जायचंय!"

जायचं होतं वालूरला, धोंड्याच्या जेवणाला. अधिक महिना आला की जावयाला सासरी बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. मान जावयाचा, पण जीव अडकलेला असतो लेकीचा. विजयमालाचे आईबाप कधीच गेले होते. माहेर म्हणजे आता थोरला भाऊ शिवप्रसाद आणि त्याची बायको शिवकन्या. ही शिवकन्या बोलायला गुळाची ढेप आणि आतून सगळी मिरची. मागच्या धोंड्याला नवराबायको खचाखच भरलेल्या जीपमधून उतरली, उतरताना विजयमालाच्या नव्या साडीचा काठ दारात अडकून टरकन फाटला, आणि ओसरीवर जमलेल्या समद्या बायकांदेखत शिवकन्या म्हणाली, "वन्सं, पाव्हण्याला वाण देऊ का जीपचं भाडं?"

बायका हसल्या. विजयमालाही हसली. घरी आल्यावर मात्र ती चुलीपुढं बसून रडली, आणि ते महारुद्रनं बघितलं.

त्यानंतर सेलूच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची बंद पडलेली फियाट त्यानं ओढून आणली. निम्मी स्वतःच्या हौसेपायी आणली, निम्मी त्या रडण्यापायी. "पुढच्या धोंड्याला तुला माहेरच्या दारात गाडीतून उतरवतो," असा शब्द त्यानं दिला होता. विजयमालाला दुसरं काही नको होतं. वालूरच्या त्या गल्लीत, शिवकन्येच्या डोळ्यांदेखत, आपल्या गाडीतून ताठ मानेनं उतरायचं. बस्स.

गालिचा तर तिनं मागितलाच नव्हता. जुना कुजून गेला होता, तो उपसून टाकल्यावर ती म्हणाली होती, "सतरंजी टाका की खाली. कोन बगायलंय?"

"सतरंजी? नवरदेवाला बाशिंग बांधायचं आन् खाली लंगोटी?" महारुद्र उखडला होता.

मग परभणीहून तांबडा गालिचा आला. दुकानातला कुशनवाला चांगल्या मनानं सांगत होता, गाडी इकडं आणा, बसवून देतो. पण ऐकतो तो महारुद्र कसला! गालिचा तो काय, कापायचा आणि चिकटवायचा. आपला हात जगन्नाथ! तेव्हा जगन्नाथानं जरा डोकं वापरलं असतं तर बरं झालं असतं.

कारण गाडीचा तळ वरून सपाट दिसतो, पण असतो मात्र नांगरटीच्या रानासारखा. मधोमध गिअरबॉक्सचा उंचवटा, कडेला सीटच्या पट्ट्या, पुढं पायडलांची भोकं. महारुद्रनं रद्दीचे पेपर अंथरून, दाबून, कापून अगदी बेतशीर माप घेतलं. ते माप गालिच्याच्या पाठीवर ठेवलं, खडूनं आखलं आणि कात्री चालवली. गालिचा सुलटा करून गाडीत टाकला, तर पायडलांची भोकं बायकोच्या पायाशी! पाठीवर आखताना माप उलटं ठेवायचं असतं, हे कापून झाल्यावर कळलं.

शेजारचा परमेश्वर तंबाखू मळत बघत होता. "रुद्रा, ह्यो तुकडा टाकू नगंस," तो म्हणाला. "विलायती गाडीला बसंल. तिकडं ष्टेरिंग डावीकडं असतंय."

"परम्या, गुमान बस, न्हाईतर तुज्याच तोंडाला बसवीन बग!"

उरलेल्या गालिच्यातून दुसरा तुकडा निघाला, पण जोड देऊन. मग आलं सोल्युशन, चपलांना लावतात ते पिवळं. दोन्हीकडं पातळ लावायचं, हवेला जरा सुकू द्यायचं आणि मग दाबायचं, असं डब्यावरच लिहिलेलं होतं. पण उन्हाळा मी म्हणत होता, पत्र्याखाली भट्टी पेटलेली आणि ह्याला घाई. ओल्यावरच दाबला. उंचवट्यावरून गालिचा हळूहळू घसरायला लागला. एका बाजूनं दाबावं तर दुसरीकडून फुगायचा. ते सोल्युशन जिथं चिकटायचं ते ठिकाण सोडून सगळीकडं चिकटलं. बोटांना चिकटलं, पायजम्याला चिकटलं, मिशीला चिकटलं. कपाळावर कोंबडीचं एक पीस चिकटलं होतं, ते संध्याकाळपर्यंत तसंच होतं. त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"आरं, दगड ठिव वरून, दगड!" परमेश्वर म्हणाला. ते मात्र त्यानं ऐकलं. रात्रभर गाडीत जात्याची पाळी ठेवली, तेव्हा कुठं उंचवट्यावरचा गालिचा जागचा हलेना झाला.

शनिवारी सीटा बसवायला घेतल्या, तर बोल्टांची भोकं गालिच्याखाली गडप! वरून चाचपडून सापडेनात. शेवटी विजयमालाच्या चुलीत सळई तापवून, अंदाजानं टोचून भोकं पाडली. जळक्या प्लास्टिकचा वास घरभर झाला, भाकरीतसुद्धा उतरला. विजयमालानं ती भाकरी तशीच खाल्ली. दारांच्या उंबऱ्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्क्रूनं आवळल्या, कडेला टिचबटणं मारली, आणि दिवस मावळताना गालिचा एकदाचा बसला. पाठ मोडली होती, बोटं सोलली होती. पण दिसत होता मात्र झकास! महारुद्र नुसता बघतच राहिला. एवढा छळ सोसून मिळालेल्या वस्तूवर माणसाचा फार जीव बसतो, तसं त्याचं झालं.

परमेश्वरानं कौतुकानं एक पाय आत टाकला.

"चप्पल! आरं, चप्पल काढ!" महारुद्र असा ओरडला, की गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

मग गल्लीतलं जे कोण बघायला आलं, त्या प्रत्येकाला तेच. तसं पाहिलं तर जिथं अंथरलेलं असतं तिथं चप्पल बाहेर काढायची, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण हा ज्याला त्याला ओरडून सांगत होता. पोरांना, बाप्यांना, एका म्हातारीला तर ती नुसती जवळून चालली होती तरी.

रविवारी विजयमाला मोरपंखी साडी नेसून बाहेर आली. पायात सोनेरी पट्ट्याच्या नव्या चपला होत्या, खास ह्या दिवसासाठी पाथरीहून आणलेल्या. तिच्या चेहऱ्याकडं बघून परमेश्वराची बायको म्हणाली, "लगीन लागल्यावानी दिसायलीस की गं!" विजयमाला लाजली. महारुद्रचं लक्ष दुसरीकडं होतं.

"चप्पल काढून बस," तो म्हणाला.

तिनं देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला बाहेर जोडीनं काढल्या आणि ती आत बसली. त्यानं दार लावलं, स्वतः बुटांसकट बसला, कारण पायडलाखाली त्यानं रबराचा तुकडा टाकला होता, आणि गाडी निघाली.

मानवत गाव मागं पडलं आणि गालिच्याची कड सुटून ॲक्सिलेटरवर चढली. पायडल खाली गेलं ते वर येईना. गाडी भन्नाट सुटली, समोरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर, आणि विजयमालानं "नरसिंहा!" म्हणून डोळे मिटले. ब्रेकवर उभं राहून त्यानं गाडी कडेला घेतली. मग भर उन्हात बॉनेटइतकंच तापलेलं डोकं घेऊन तो पुन्हा ओणवा, हातात स्क्रू, तोंडात शिव्या. विजयमाला पाय पोटाशी घेऊन सीटवर बसली होती. गालिच्याला घामाचे डाग पडतील म्हणून निघाल्यापासून तिनं पाय खाली सोडलेच नव्हते. पायाला मुंग्या आल्या होत्या. तरी नुसती म्हणाली, "आता चला. वयनी वाट बगायली असंल."

वालूरच्या गल्लीत फियाट शिरली आणि पोरं मागं धावली. बायका दारात आल्या. शिवकन्या भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती, आणि गाडी बघून तिचं तोंड खरंच उघडं राहिलं. विजयमालानं पदर सारखा केला. दार उघडलं. खाली पाय टाकायच्या आधी सवयीनं पायानं चपला चाचपल्या.

चपला नव्हत्या.

तिनं सीटखाली बघितलं, मागं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. तोवर त्यालाही उमगलं होतं. चपला तिकडं घरापुढं, धुळीत. आणि सगळी गल्ली डोळे लावून बघत होती. विजयमाला उतरली. सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापला होता. तिचे पाय भाजले, पण मान ताठच.

"अगं बया! वन्सं, अनवानी?" शिवकन्येचा आवाज गल्लीभर गेला.

"नवस हाय, वयनी," विजयमाला शांतपणे म्हणाली. "पोखर्णीच्या नरसिंहाला बोलले होते. सोताच्या गाडीतून माहेरला जाईन तवा अनवानी जाईन म्हणून."

कुणीतरी चक्क हात जोडले. "बाई बाई, देवाचं किती करती!" एक म्हातारी म्हणाली. आणि शिवकन्या, ती सगळी मिरची, खाली वाकली. तिनं तांब्यातलं गार पाणी विजयमालाच्या पायांवर ओतलं आणि पदरानं पाय पुसले. विजयमालाचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माहेरच्या दारात मोठी होऊन उभी होती.

महारुद्रची पाठ तिकडं होती. पोरं धडाधड गाडीत चढत होती आणि तो एकेकाला दंडाला धरून खाली ओढत होता. "चप्पल काढा रे! कारपेट नवं हाय! उतर, उतर तू!" त्यात शिवप्रसाद कौतुकानं म्हणाला, "पाव्हणं, नवस चांगला पावला बगा."

"नवस कशाचा वो?" महारुद्र वैतागून, मागं न बघता म्हणाला. "हिच्या चपला घरी ऱ्हायल्या. कारपेट खराब हुईल म्हणून काढाया लावल्या होत्या."

बोलून झालं, आणि मग त्यानं मागं बघितलं.

शिवकन्या सावकाश उठून उभी राहिली. पदर झटकला. तिच्या ओठांवर ते जुनं हसू हळूहळू परत आलं. "असं व्हय!" ती म्हणाली. आत गेली आणि मोरीतल्या निळ्या स्लिपरा घेऊन आली. एकीच्या पट्ट्याला पिन लावलेली होती. "घाला, वन्सं. आमच्यात गालिचा न्हाई. चालतंय."

बायका हसल्या. ह्या वेळी विजयमाला हसली नाही. तिनं स्लिपरा पायात घातल्या आणि ती आत गेली.

महारुद्रला पाटावर बसवलं, ओवाळलं, धोंडे वाढले, वर तुपाची धार. तो नुसता ताटात बोटं फिरवत राहिला. गाढव आपण, चांगलं दोन पायांचं गाढव! तिनं बिचारीनं सगळं सावरलं होतं आणि आपण एका चिंधीपायी मातीत घातलं. वाढताना विजयमाला समोरून गेली, पण तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. वाटेत गाडी थांबवायची, त्यानं ठरवलं, झाडाखाली थांबवायची आणि सरळ म्हणायचं, चुकलं माझं. मग पाथरीला जाऊन तिला हवी ती चप्पल घ्यायची. गालिचा गेला खड्ड्यात.

ऊन कलल्यावर निघायची वेळ झाली. पुन्हा सगळी गल्ली जमली. महारुद्रनं स्वतः पुढं होऊन बायकोसाठी दार उघडून धरलं. शिवप्रसादनं वाणाची परात मागच्या सीटवर ठेवली. विजयमाला हातात पिशवी घेऊन आली. निळ्या स्लिपरांना अंगणातलं शेण लागलेलं होतं. तिनं एक पाय उचलून आत टाकला.

"चप्पल काढून बस," महारुद्र म्हणाला.

त्याला म्हणायचं नव्हतं. देवाशपथ म्हणायचं नव्हतं. कालपासून तोंडाला लागलेली सवय, ती आपोआप बाहेर आली. त्यानं जीभ चावली, पण गल्लीनं ऐकलं होतं.

विजयमालानं पाय मागं घेतला. "दादा, मी आज हितंच ऱ्हाते," ती भावाला म्हणाली. "सकाळच्या जीपनं जाईन."

"अगं, बस की... तशीच बस, चपलीसकट बस!" महारुद्र काकुळतीला आला.

"नगं. तुमी जावा," ती म्हणाली. "गालिचा संबाळून न्या."

शिवकन्या ह्या खेपेला हसली नाही. तिनं वन्संच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी आत गेल्या.