मोबाईलनं बुजवलेले खड्डे

आमच्या बोरदऱ्याहून धारूरला जाणाऱ्या रस्त्याचे खड्डे बुजवणं खात्याला कित्येक वर्षं जमलं नाही. सुंदररावांच्या नव्या मोबाईलनं ते एका दुपारी करून दाखवलं.

सुंदरराव म्हणजे आमचे पुढारी. खड्ड्यांपायी गावची एसटी बंद पडली, तेव्हा जीपमध्ये पुढं बसून त्यांनी अख्ख्या रस्त्याचा व्हिडिओ काढला, सोबत स्वतःचं भाषण. रस्त्याचे साहेब गावात येणार होते, त्यांना दाखवायला. घरी येऊन बघतात तर रस्ता लोण्यासारखा! हलणारं चित्र आपोआप स्थिर करायची सोय त्या मोबाईलात होती. जीप खड्ड्यात आणि चित्र विमानात.

परत काढावा म्हटलं, तर साहेब येणार म्हणून आदल्या दिवशीच सगळ्या खड्ड्यांत मुरूम पडलेला. आमच्याकडं मुरूम साहेबांच्या आधी येतो आणि साहेबांच्या मागोमाग जातो.

सुंदररावांनी यशोधराचं दुकान गाठलं. ती आमच्याच गावची, धारूरात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. एसटी गेल्यापासून रोज जीपच्या मागं लटकून ये-जा करायची, त्यामुळं एसटीची गरज पुढाऱ्यांपेक्षा तिलाच जास्त.

"पोरी, यात खड्डे घाल."

"खड्डे हायतच की भाऊ. हादरे घालावे लागतील."

"घाल. लई घाल."

तिनं कॉम्प्युटरमधला तयार हादरा लावला. झाडं, आभाळ, बोनेट, सगळं एका सुरात थरथरू लागलं.

"हे कावून असं? रस्त्याला हिवताप आल्यावानी दिसतंय!"

यशोधरालाही ते पटलं. खड्डा असा नेमानं येत नसतो. तिनं कानाला हेडफोन लावला, भाषण ऐकलं आणि एकटीच हसत सुटली. मोबाईलनं चित्र सरळ केलं होतं, भाऊंचा आवाज सरळ करणं त्याच्याही हातात नव्हतं. 'बंधूंनो'चं 'बं-हुक्-धूंनो' झालेलं. 'विकासा'तला 'का' कुठं सांडला होता कोण जाणे.

मग ती भाषणाच्या मागं मागं गेली. जिथं 'हुक्' तिथं चित्र धाडकन खाली, लगेच वर, मग विरत जाणारे बारके झोके. दणक्याच्या क्षणी चित्र थोडं पुसट. झोक्यात चित्र सरकून कडेला काळी पट्टी उघडी पडू नये म्हणून सगळं चित्र जरा मोठं केलं. दोन खड्ड्यांच्या मधे नुसती खडीची थरथर.

"सगळ्यात मोठा दणका तुमची जीभ चावली तिथं दिलाय, भाऊ."

"कुठं चावली?"

"'प्रामाणिक' म्हणताना."

सुंदरराव निघाले, तेव्हा तिनं त्यांच्या मोबाईलातली ती स्थिर करायची सोय बंद करून टाकली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुर्चीत बसत म्हणाले, "रस्ता चांगला आहे की! उगाच तक्रारी करता."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर व्हिडिओ सुरू झाला. पहिल्या 'हुक्'ला साहेबांनी खुर्चीचा हात धरला. 'विकासा'ला चहा बशीत उतरला. 'प्रामाणिक' आलं आणि बशीतला चहा पँटवर.

"बंद करा! हे खरं आहे का?"

यशोधरा उभी राहिली. "रस्ता खरा हाय साहेब, भाऊंची जीभपण खरी. मधले हादरे मोबाईलनं खाल्लते, ते मी परत जागच्या जागी ठेवले. शंका असल तर जाताना मुरमावर पाय देऊन बघा."

साहेबांनी दिला. बूट घोट्यापर्यंत आत गेला. तो काढायला सुंदररावांनीच हात दिला, हात देता देता पक्का रस्ता मागितला आणि त्या अवस्थेत साहेब नाही म्हणू शकले नाहीत.

रस्ता झाला. एसटी सुरू झाली. पहिल्या फेरीला यशोधरा खिडकीशी बसली, पुढं हार घातलेले सुंदरराव मोबाईल धरून चित्रण करत होते. धारूर आलं तसं त्यांनी व्हिडिओ लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"यशोधरे, रस्ता तर नवाकोरा. मग हे कावून एवढं हलतंय?"

"रस्ता नवा हाय भाऊ," ती उतरता उतरता म्हणाली, "एसटी जुनीच हाय."