मुंगीची पक्की वही

केकवर नावं लिहिणाऱ्या बाईला खाडाखोड परवडत नाही. क्रीम एकदा पडलं की पडलं. भिंगरीची आई घरीच केक करून विकायची, आणि एखादी मात्रा जरी तिरकी गेली तरी तिला घास गोड लागत नसे. अशा बाईने लेकीला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवावं, आणि वर नोटबुकिंग सुरू करावं, म्हणजे कमालच म्हणायची.

नोटबुकिंग म्हणजे जे शिकलो ते मुलाने आपल्या शब्दांत, आपल्या चित्रांत वहीत उतरवायचं. धडे नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत. आईने जाड कागदाच्या वह्या, रंगीत पेनं आणि फुलाफुलांच्या चिकटपट्ट्या इतक्या आणल्या, की बाबांना वाटलं, बायको आता केक सोडून स्टेशनरीचं दुकान टाकतेय.

पण गंमत बाजूला ठेवू. दिवसभर "का?" विचारून भंडावणारी भिंगरी शाळेतून आली की "काही नाही" एवढंच म्हणायला लागली होती. ते आईच्या जिवाला लागलं होतं. बाबांनी महिनाभराची मुदत दिली. महिन्याने ताई वह्या बघेल, पसंत पडल्या नाहीत तर पोरगी परत शाळेत. ताई म्हणजे भिंगरीची आत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यासमोर बाबा अजूनही आधी नखं लपवायचे आणि मग बोलायचे.

पहिला विषय भिंगरीनेच निवडला, मुंगी.

"आधी कच्च्या वहीत काढ," आई म्हणाली. "मग अर्ध्या पक्क्या वहीत. आणि मग पक्क्या वहीत."

"पक्क्या वहीत कधी?"

"चुका संपल्या की."

चुका काही संपेनात. भिंगरी कच्ची वही घेऊन ओट्याखाली पालथी पडायची आणि पानभर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढायची. पानाला जॅमही लागलेला असायचा. ज्या स्वयंपाकघरात मुंगी दिसली की आईचा जीव वरखाली व्हायचा, तिथे जॅम! आई पान पुसायची, भिंगरीला ओरडायची आणि मुंग्यांना हाकलायची. पक्की वही मात्र कोरी करकरीत राहिली.

आत्या यायच्या दिवशी सकाळी आईने ती कोरी वही पुन्हा एकदा चाळली. तिने दार लोटलं, पेनं काढली आणि पक्की वही स्वतःच भरायला बसली. सहा पाय, दोन मिशा, खाली टपोऱ्या अक्षरांत माहिती. भिंगरी शेजारी बसून डिंकाची बाटली धरत होती.

"आई, ही मुंगी कुठे चाललीय?"

"कुठे नाही. चित्र आहे ते."

"मग ती कंटाळेल," भिंगरी म्हणाली.

आत्या आल्या. चष्मा लावून त्यांनी वही उघडली आणि बराच वेळ मान डोलावली. "अक्षर सुरेख आहे. भिंगरे, तू काढलंस?"

"नाही, आईने. छान काढते ना? मी तिला शाबासकी दिली."

आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणीला घाई नव्हती. शेवटी आईनेच तोंड उघडलं. "ताई, हिचं सगळं कच्चंच होतं. दाखवायची लाज वाटली मला. हिला परत पाठवायला लागेल या भीतीने मीच लिहिलं."

"कच्चं आण," आत्या म्हणाल्या.

कच्ची वही आली. डाग, बोटांचे ठसे आणि रेघांचा गुंता.

"हे काय गं?"

"मुंगी," भिंगरी म्हणाली. "ती जाते तशी मी मागून पेन्सिल नेते. इथे जॅम होता, म्हणून ती थांबली. इथे तिला दुसरी भेटली, दोघी बोलल्या. मग दुसरी पण जॅमकडे वळली. तिला कसं कळलं, आत्या? काय सांगितलं असेल हिने? आणि इथे आईने फुंकर मारली."

आईने पानाकडे पाहिलं. तिने तीनदा पुसलेलं पान होतं ते. तिला रडू आलं, आणि हसूही.

आत्यांनी पदर खोचला आणि गुडघ्यांचा कुरकुराट सोसत त्या जमिनीवर बसल्या. "जॅम आण. आणि मला एक पेन्सिल दे."

आईने जॅमची बरणी आणली. क्षणभर घुटमळली. मग तिने पक्क्या वहीचं एक कोरं पान उघडलं आणि मधोमध चमचाभर जॅम थापला.

बाबा आले तेव्हा तिघी फरशीवर पालथ्या पडल्या होत्या. त्यांनी घाबरत विचारलं, "ताई, शाळेचं काय ठरलं?"

"पोरगी घरीच शिकेल," आत्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि तू पाय उचल आधी. माझी मुंगी आहे तिथे."